हुंकार देणारी

गुरुवार हा डॉ. सविता ढाकणेंचा खर्ड्याकडचा दिवस असायचा. नगरच्या ज्या मेडिकल कॉलेजात ती शिकवायची, तिथली जीप सकाळी लवकर निघे, जामखेडला चहापुरती थांबे, खर्ड्याच्या किल्ल्याचे बुरूज दिसले की थोड्या अंतरावर डांबरी सोडून आत वळे आणि सावरदऱ्याच्या आरोग्य केंद्रापुढच्या लिंबाखाली उभी राही. दुपारपर्यंत पेशंट, मग डबा. त्यानंतर ऊन कलेपर्यंत त्या गावात कुत्रंसुद्धा जागचं हलत नसे. ड्रायव्हर कल्याण सीट मागे पाडून, तोंडावर टॉवेल घेऊन झोपे. आणि सविता मोबाईल, कॉलरला लावायचा छोटा माईक आणि पाण्याची बाटली घेऊन मागच्या जुन्या इमारतीकडे जाई.

तिथे एकटीच बसून ती बोलत असे.

त्याला कारण होतं. आदल्या वर्षी तिची एक विद्यार्थिनी, शिफा, पहिल्याच नेमणुकीवरून महिन्याच्या आत घरी परत आली. हुशार मुलगी, वर्गात कायम पुढे. सविता तिला भेटायला गेली तेव्हा ती चहाचा कप हातात तसाच धरून म्हणाली, "मॅडम, मला येत नाही असं नाही हो. सगळं येतं. पण पेशंट समोर आला की त्या खोलीत मी एकटी असते. काही करू नये कुणी, नुसतं शेजारी उभं राहिलं असतं तरी चाललं असतं."

ते वाक्य सविताच्या डोक्यातून गेलं नाही. अशी पोरं जिल्ह्याभर विखुरलेली होती. डिग्रीची शाई ओली असतानाच एकेका गावात जाऊन बसलेली. त्यांना पुन्हा पुस्तकं पाठवून उपयोग नव्हता. म्हणून तिने पॉडकास्ट सुरू केला. नाव ठेवलं 'सोबत'. एका भागात एकच प्रसंग. साप चावलेला माणूस आला, झटके येणारं मूल आलं, बाळंतिणीचं रक्त थांबेना, तर आधी काय, मग काय, हे ती शेजारी बसून सांगावं तसं सांगायची. एसटीत, जेवताना, ड्यूटीवर, पोरं कानात घालून ऐकायची.

रेकॉर्डिंगला ती जुनी खोली तिला योगायोगानेच सापडली होती. नवी इमारत व्हायच्या आधी गावातल्या बायकांची बाळंतपणं तिथे होत. आता तिथे फाटक्या गाद्यांची चळत होती, एक लोखंडी खाट होती आणि कोपऱ्यात सलाईनचे गंजलेले स्टँड. दगडी भिंती आणि गाद्या मिळून बाहेरचा आवाज गिळून टाकत. पत्र्याला एक भोक होतं, त्यातून उन्हाचा ठिपका खाटेवर पडे. खोली कुणी झाडतही नव्हतं, तरी आत शिरलं की फिनेलचा मंद वास येई. सविताला त्याचं काही वाटलं नाही. दवाखान्यांचे वास भिंतींत मुरतात, हे तिला माहीत होतं.

पहिले दोन भाग तिने कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागातल्या सुनीलकडे दिले. खरखर काढून, पुढेमागे कापून तो ते नीट करून देणार होता. दुसऱ्या दिवशी त्याने तिला बोलावून घेतलं.

"मॅडम, तुमच्यासोबत कोण बसलं होतं?"

"कुणी नाही."

त्याने हेडफोन पुढे केला. सविताचा आवाज सांगत होता, "पेशंट आला की आधी स्वतः एक श्वास घ्या." आणि वाक्य संपल्यावर, अगदी हलकेच, कुणीतरी म्हणालं, "हं."

गोष्ट ऐकणारं माणूस सांगणाऱ्याला देतं, तसा तो हुंकार होता. बाईचा आवाज, फार म्हातारीही नाही, फार तरुणही नाही. पुढच्या वाक्यानंतर पुन्हा, "हं." मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा.

"राहीबाई असेल," सविता म्हणाली. "किल्ली तिच्याकडे असते. दारात बसून ऐकत असेल."

"दारात?" सुनीलने पडद्यावरच्या रेघांवर बोट ठेवलं. "माईक तुमच्या कॉलरला होता ना? हा आवाज तुमच्या आवाजापेक्षा माईकच्या जवळचा आहे."

मग तोच जरा हसला आणि म्हणाला, "स्वस्तातला माईक आहे. काहीही पकडतो. काढून टाकू?"

सविता नको म्हणाली. का म्हणाली ते तिलाही सांगता आलं नसतं. भाग तसेच गेले.

पुढच्या गुरुवारी तिने राहीबाईला विचारलं. राहीबाई केंद्रातली आया, नव्या इमारतीच्या पायरीवर बसून तांदूळ निवडत होती.

"म्या कशाला हं म्हनू, बाई? तुमचं तिथलं बोलनं मला येक अक्षर कळत न्हाई. आन त्या खोलीकडं म्या दुपारची जातबी न्हाई."

"का?"

"उगाच." राहीबाईने ताट हलवलं. "लई बाया येऊन गेल्या तिथं. कुनी बाळ घिऊन गेल्या, कुनी न्हाई. किल्ली ठिवते मी, पन कुनाकुनाचं ध्यानात ठिवनार?"

तिला माहीत होतं ते एवढंच.

पोरांना मात्र तो हुंकार फार आवडला. ग्रुपवर मेसेज यायला लागले. कुणी लिहिलं, मॅडम, ती हं म्हणणारी मावशी कोण? कुणी लिहिलं, ती असली की आपण एकटे नाही असं वाटतं. एका मुलीने लिहिलं, मी काल घाबरले होते तेव्हा नुसता तिच्या हं साठी भाग लावला. शिफाने फोन करून सांगितलं, "मॅडम, मी पुन्हा रुजू होतेय."

हे ऐकल्यावर सविताने तो विषय सोडून दिला. ज्याने पोरांना धीर येतो ते कुठून येतं याची चौकशी करत बसायला तिला सवडही नव्हती. खोलीत बोलताना तिला काही ऐकू येत नसे. हुंकार फक्त रेकॉर्डिंगमध्ये उमटे. तरी हळूहळू तिची बोलायची पद्धत बदलली. वाक्य संपलं की ती जराशी थांबायला लागली, ऐकणाऱ्याला जागा द्यावी तशी. एकदा मध्येच तिच्या लक्षात आलं की आपण मोबाईलकडे बघून बोलत नाही आहोत. खाटेकडे बघून बोलतोय.

तिने खुर्ची फिरवून घेतली. एवढंच.

एप्रिलमध्ये अझीम नगरला आला. कोल्हारच्या खाजाभाईंचा मुलगा, तिचाच विद्यार्थी. बाप पेरू-डाळिंबाचा व्यापारी आणि पोरगा घराण्यातला पहिला डॉक्टर. त्याची नेमणूक काष्टीच्या पुढे एका आरोग्य केंद्रावर होती, सावरदऱ्यापासून जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तो सविताच्या केबिनमध्ये आला, बसला, आणि बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिला.

"मॅडम, एक सांगू? हसू नका."

"सांग."

"गेल्या आठवड्यात दुपारी एक बाई आली. ऊसतोडीवरून नुकतीच परत आलेली. बाळंतपण नीट झालं, बाळ चांगलं रडलं. आणि नंतर रक्त जायला लागलं. थांबेचना. सिस्टर होत्या, पण त्याही नवीन. ॲम्ब्युलन्सला फोन केला, ती श्रीगोंद्याहून निघाली. मी तुमचा भाग लावला, एका कानात."

"बरं केलंस."

"तुम्ही सांगाल तसं करत गेलो. पोट चोळा. त्या हं म्हणाल्या. इंजेक्शन द्या. हं. लघवीची पिशवी रिकामी करा. हं. मग तुम्ही म्हणालात, वार पूर्ण पडली का ते नीट बघा. मी ती आधीच ट्रेमध्ये बघितली होती, पूर्ण वाटली होती. म्हणून मी पुढच्या वाक्याची वाट बघत थांबलो. तर..."

बाहेर कॉरिडॉरमधून स्ट्रेचर गेल्याचा आवाज आला आणि दूर गेला.

"तर हं आलंच नाही मॅडम. आणि तुम्हीही पुढे बोलेनात. मला वाटलं मोबाईल अडकला. अडकला नव्हता, आकडे पुढे सरकत होते. तुमचा श्वास ऐकू येत होता. कुणीतरी... वाट बघत होतं. मी ट्रे पुन्हा उचलला, खिडकीपाशी नेला, वार उलटून बघितली. एका कडेचा तुकडा नव्हता."

"आत होता."

"आत होता. काढला. रक्त लगेच कमी झालं. आणि त्याच क्षणी कानात..." अझीमने कानाच्या पाळीला हात लावला. "हं. पण नेहमीसारखं नाही. सुटल्यासारखं."

बाई जगली होती. दोन दिवसांनी बाळ घेऊन घरी गेली होती. सविताने उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग त्याच्याच मोबाईलवर तोच भाग दोघांनी मिळून लावला. तिचा आवाज म्हणाला, वार पूर्ण पडली का ते नीट बघा. आणि तिथल्या तिथे, जराही उशीर न लावता, "हं."

अझीमने तो भाग तीनचारदा मागे घेऊन लावला. प्रत्येक वेळी, "हं."

"भीतीनं तसं वाटलं असेल तुला," सविता म्हणाली. "वेळ लांबल्यासारखा वाटतो अशा वेळी."

"हो मॅडम," तो म्हणाला. दोघांचाही त्यावर विश्वास बसला नाही.

त्या रात्री सविताला झोप लागली, पण सकाळी उठल्यावर पहिला विचार आला तो हाच. ती इतके दिवस समजत होती की ती बाई आपलं ऐकते आहे. ती आपलं ऐकतच नव्हती. जो कुणी भाग लावून बसला असेल, त्याच्याकडे ती बघत होती.

सविताने सावरदऱ्याला रेकॉर्डिंग करणं बंद केलं. खोलीची किल्ली राहीबाईला परत देऊन टाकली. राहीबाईने ती पदराच्या गाठीला बांधली. पुढचे दोन भाग सविताने सावेडीतल्या आपल्या फ्लॅटवर, कपाटासमोर रजई टांगून केले. ते स्वच्छ आले. कुठे काही नाही. पोरांनी ऐकले, छान म्हणाले, आणि मग एकेकाने विचारलं, मॅडम, मावशी कुठे गेल्या?



मे महिन्यातल्या एका गुरुवारी ती रजेवर होती. दुपारची वेळ, खिडक्यांना पडदे ओढलेले, पंखा जोरात. मोबाईल वाजला म्हणून तिने बघितलं. पडद्यावर आलं होतं, 'सोबत: नवा भाग'.

तिने नवा भाग टाकला नव्हता. तिने सुनीलला फोन लावला. तो गावी लग्नाला गेला होता. बँडच्या आवाजात ओरडून म्हणाला, मी काही टाकलं नाही मॅडम. फोन ठेवून तिने तो भाग लावला.

आधी काहीच नव्हतं. नुसती बंद खोलीची शांतता. ती शांतता तिने ओळखली. मग बाईचा आवाज आला. हुंकाराचाच आवाज, पण आता तो बोलत होता.

"म्या टेम्पोतनं उतरले, तवा ऊन डोस्क्यावर हुतं."

आणि आवाज थांबला. आकडे पुढे सरकत राहिले. सविता वाट बघत होती. पुढे काही येईना. पंखा फिरत होता, खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं. शांतता इतकी लांबली की तिला ती सहन होईना, आणि नकळत तिच्या तोंडून गेलं, "हं."

"उसाच्या फडावरनंच आनलं हुतं मला," बाई लगेच म्हणाली. "अंगाला पाचट तसंच चिकटल्यालं."

पुन्हा थांबली. मोबाईल बंद करता आला असता. तिने केला नाही. समोर बसून कुणी सांगायला लागलं की मध्येच उठायचं नाही, हे ती वर्षानुवर्षं पोरांना शिकवत आली होती.

"हं," ती म्हणाली.

"त्या खाटंवर निजवलं. वर पत्र्याला भोक हुतं. त्यातनं उन्हाचा ठिपका माज्या पोटावर पडायचा. म्या त्याच्याकडंच बघत ऱ्हायले."

"हं."

"बाळ झालं. रडलं. मंग समदी बाळाकडं गेली."

"हं."

"म्या सांगत हुते. आतून कायतरी न्यारंच हुतंया. कायतरी ऱ्हायलंय. सांगत हुते. पन समदी आपसांत बोलत हुती." आवाजात राग नव्हता. तक्रारही नव्हती. पाण्याला गेल्यावर शेजारणीशी बोलावं तसं ती सांगत होती. "म्या लई येळ सांगितलं. कुनी हं सुदिक म्हनलं न्हाई."

सविताच्या डोळ्यांत पाणी आलं. भीती होती, पण तिच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. तिला त्या बाईचं नाव विचारावंसं वाटलं. ती फक्त म्हणाली, "हं."

बराच वेळ काही आलं नाही. मग एक सुस्कारा. मग बांगड्या वाजल्या, कुणी गुडघ्यावर हात टेकून उठावं तशा.

"बरं वाटलं बया, सांगून. ... येऊ का?"

सविताच्या ओठांवर उत्तर आलंच होतं. पाहुणी उठून येऊ का म्हणाली की या म्हणायचं, हे लहानपणापासून जिभेला लागलेलं वळण. पण शब्द दाताशी येऊन अडला. ही बाई निघाली आहे? की खरोखरच यायचं विचारते आहे?

सविता गप्प राहिली. तिकडची बाईही गप्प राहिली. आकडे सरकत गेले आणि भाग संपला.

तिने अझीमला फोन लावला. त्याने पहिल्या रिंगला उचलला.

"अझीम, नवा भाग..."

"ऐकला ना मॅडम! आत्ताच, जेवताना." त्याचा आवाज खुशीत होता. "भारी कल्पना आहे. आपण हं म्हटल्याशिवाय ती पुढे बोलतच नाही. पेशंटचं ऐकायचा सराव. आधी मला कळलंच नाही."

"शेवटपर्यंत ऐकलास?"

"हो. शेवटी ती येऊ का म्हणते ना..."

"मग? तू काय केलंस?"

"काय करणार मॅडम? बिचारी एवढं सांगून उठलीय, गप्प बसणं बरं दिसतं का? मी म्हटलं, या."

सविता काही बोलणार तेवढ्यात तिकडे दार वाजल्याचा आवाज आला. दोन हलक्या थापा.

"एक मिनिट मॅडम. कुणीतरी आलंय. या उन्हात..."

"अझीम, थांब. अझीम!"

त्याने फोन टेबलावर ठेवला होता, बंद केला नव्हता. खुर्ची सरकली. कडी निघाली. मग त्याचा आवाज, तिने शिकवला होता तसा, घाई नसलेला. "बसा ना. सांगा, काय होतंय?"

सविताने मोबाईल कानावर दाबून धरला. दुसरा कुठलाच आवाज येत नव्हता. बाई बोलत होती की नाही कळत नव्हतं. थोड्या वेळाने अझीम म्हणाला, "हं." मग बरीच शांतता. "हं." मग पुन्हा शांतता, आणि हळू आवाजात, "हं... मग?"

ती ओरडून हाक मारत राहिली. त्याला ऐकू गेलं नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी त्याने फोन उचलला. आवाज ठीक होता, फक्त थोडा दमलेला.

"सॉरी मॅडम. एक बाई होती. औषध वगैरे काही नको म्हणाली, नुसतं सांगायचं होतं तिला. गेली आता."

"गेली? अझीम, तू आधी तिथून निघ. सिस्टर कुठेत?"

"सिस्टर घरी गेल्यात, ओपीडी केव्हाच संपलीय. पण आता लगेच नाही निघता येणार मॅडम." तो दाराकडे वळून बघत असावा, कारण आवाज जरा लांब गेला. "बाहेरचा बाक भरलाय. सगळ्या बायकाच आहेत. ओट्यावर बसल्यात, पायऱ्यांवर बसल्यात... इथल्या लिंबाखालीसुद्धा उभ्या आहेत. एवढ्या उन्हात सगळ्या एकदम कुठून आल्या काय माहीत. कुणी काही बोलत नाही, नुसत्या माझ्याकडे बघतायत. ठेवतो मॅडम."

फोन बंद होण्याआधी तिला त्याचा आवाज आणखी एकदाच ऐकू आला. तो तिच्याशी बोलत नव्हता.

"या."